जुनी गाडी घेताय? आधी आरसी, मग बॉनेट

जुनी गाडी बघायला जाताना आपण मेकॅनिकला सोबत नेतो. तो इंजिनचा आवाज ऐकतो, सायलेन्सरचा धूर बघतो, टायर दाबून बघतो. आरसी, म्हणजे गाडीचं नोंदणी प्रमाणपत्र, मात्र हातात येते ती टोकन दिल्यावर. माझं म्हणणं, ती सगळ्यात आधी मागा. क्लच गेला असेल तर नवा टाकता येतो, पण गाडी नावावरच होत नसेल तर मेकॅनिक तरी काय करणार?

आरसीवर आधी मालकाचं नाव बघा. समोर बसलेला तोच आहे का? 'काकांची गाडी आहे, सही आणून देतो' हे चालवून घेऊ नका. मालक वारला असेल तर आधी फॉर्म ३१ भरून गाडी वारसाच्या नावावर व्हायला हवी. मग ओनर सीरियल, म्हणजे आत्ताचा मालक कितवा, ते बघा; 'सिंगल ओनर' किती खरं ते कळतं. खासगी गाडीची नोंदणी पहिल्या नोंदणीपासून १५ वर्षं चालते, पुढे दर ५ वर्षांनी नूतनीकरण. इंधनाच्या रकान्यात नुसतं पेट्रोल आणि डिकीत सीएनजीची टाकी, असं असेल तर किट आरसीवर चढवलेलं नाही.

आता चेसिस नंबर. १७ अक्षरांचा हा नंबर पत्र्यावर ठोकलेला असतो. त्यावर पातळ कागद धरून पेन्सिल आडवी घासली की तो कागदावर उमटतो. हाच पेन्सिल प्रिंट आरटीओच्या कागदांतही लागतो, तेव्हा सौदा ठरायच्या आधीच काढून घ्या. अक्षरं सरळ ओळीत, एकाच खोलीची हवीत. आजूबाजूचा पत्रा घासलेला वाटला किंवा एखादं अक्षर वर-खाली झालं असेल तर चहा पिऊन निघा.

गाडीवर बँकेच्या कर्जाचा बोजा असेल तर नुसती बँकेची एनओसी पुरत नाही. बँकेच्या सही-शिक्क्याचा फॉर्म ३५ देऊन आरसीवरची नोंद उतरवावी लागते. थकलेली ई-चलनं गाडीच्या नंबरवरून परिवहनच्या साइटवर दिसतात. ती विकणाऱ्याला भरायला लावा.

नावावर करण्याचा अर्ज परिवहनच्या वाहन पोर्टलवर होतो. ओटीपी आरसीला जोडलेल्या मोबाइलवर येतो, तो नंबर बंद असला की इथेच गाडं अडतं. फॉर्म २९ म्हणजे विकल्याची सूचना, दोन प्रतींत. फॉर्म ३० हा हस्तांतराचा अर्ज. सोबत आरसी, चालू विमा, पीयूसी, घेणाऱ्याचा पत्त्याचा पुरावा, पॅन किंवा पॅन नसल्याचं घोषणापत्र आणि तो पेन्सिल प्रिंट. गाडी दुसऱ्या राज्यातली असेल तर तिथल्या आरटीओची एनओसी, म्हणजे फॉर्म २८. घेणाऱ्याकडे लायसन्स नसलं तरी गाडी नावावर होते; चालवायला लागेल, हे वेगळं.

मुदत मोटार वाहन कायद्याच्या कलम ५० मध्ये आहे. विकणाऱ्याने राज्यातल्या राज्यात १४ दिवसांत आणि परराज्यात ४५ दिवसांत कळवायचं, घेणाऱ्याने ३० दिवसांत. प्रत्यक्षात कोऱ्या टीटी फॉर्मवर, म्हणजे हस्तांतराच्या याच २९ आणि ३० नंबरच्या फॉर्मवर, सह्या घेऊन गाडी महिनोन् महिने फिरते. माझ्या एका मित्राने गाडी विकली, तरी सिग्नल तोडल्याचे मेसेज वर्षभर त्यालाच येत होते. त्याचं चलनावर भागलं. अपघात झाला असता तर भरपाईचा दावाही त्याच्यावरच आला असता, कारण नोंद ज्याच्या नावावर तोच मालक, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार खटल्यात म्हटलं आहे.

विमाही नावावर करून घ्यायचा असतो. कंपनीकडे १४ दिवसांत अर्ज करा. नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, मात्र जुन्या मालकाचा, तो गाडीबरोबर येत नाही. त्यामुळे विमा कंपनी फरकाची रक्कम मागेल, तेवढी सौदा करतानाच धरून ठेवा.