आवडतंही, लांबतंही : एपिक फँटसीवरच्या जुन्या कुरकुरीची पार्श्वभूमी

एपिक फँटसीचा, म्हणजे जादूने भरलेल्या काल्पनिक जगातल्या भव्य कथेचा, जाडजूड खंड मिटताना वाचक बहुधा दोन गोष्टी एका दमात बोलतो : काय जग उभं केलंय! आणि मधली तीनशे पानं गाळली असती तरी काही बिघडलं नसतं. ही कुरकुर या साहित्यप्रकाराइतकीच जुनी आहे. माझ्या मते तिची मुळं जितकी लेखकांच्या पाल्हाळात आहेत, तितकीच प्रकाशनाच्या हिशेबात.

इंग्रज लेखक टॉल्कीन यांनी ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ १९३७च्या अखेरीस लिहायला घेतली. त्यांच्या लेखी ती सहा भागांत विभागलेली एकच कादंबरी होती. पण युद्धानंतरच्या ब्रिटनमध्ये कागद महाग होता आणि एवढं अवाढव्य पुस्तक विकलं जाईल याची ॲलन अँड अनविन या प्रकाशन संस्थेला खात्री नव्हती. म्हणून करार असा झाला की खर्च भरून निघाल्यावर नफ्यात लेखकाचा निम्मा वाटा. कादंबरीचे तीन तुकडे करून ते १९५४ आणि १९५५मध्ये छापले गेले. परिशिष्टं तयार होईनात, त्यामुळे तिसरा खंड रखडला आणि वाचक जवळजवळ वर्षभर ताटकळले. तीन खंड, अर्धवट तुटलेलं कथानक, पुढच्या भागाची वाट पाहणं : आज या प्रकाराची ओळख वाटणाऱ्या या गोष्टी नाइलाजातून आल्या होत्या.

मतभेदही तेव्हापासूनचेच. कवी ऑडेन यांनी पुस्तक उचलून धरलं, मात्र यावरून इतके कडाक्याचे वाद क्वचितच झाल्याचंही त्यांनी नोंदवलं. अमेरिकी समीक्षक एडमंड विल्सन यांनी १९५६मध्ये ‘द नेशन’ या नियतकालिकात त्याला पोरकट ठरवलं. गंमत म्हणजे सात वर्षांच्या मुलीला त्यांनी ते सगळंच्या सगळं मोठ्याने वाचून दाखवलं होतं! पुढे दुसऱ्या आवृत्तीच्या प्रस्तावनेत टॉल्कीन यांनी मात्र पुस्तक फारच छोटं असल्याची तक्रार मान्य केली.

१९६५मध्ये अमेरिकेत स्वस्त पेपरबॅक आले आणि कॉलेजांतून त्यांचं वेड पसरलं. १९७७मध्ये टेरी ब्रूक्स यांची सातशेहून अधिक पानांची ‘द सोर्ड ऑफ शॅनारा’ आली. टॉल्कीनची उघड नक्कल म्हणून तिच्यावर टीका झाली, तरी ती ‘न्यूयॉर्क टाइम्स’च्या पेपरबॅक बेस्टसेलर यादीत गेली. प्रकाशकांना साचा सापडला. अर्सुला ल ग्विन यांनी १९६८मध्येच ‘अ विझर्ड ऑफ अर्थसी’ लिहून दाखवून दिलं होतं की पूर्ण जग उभं करायला दोनेकशे पानं पुरतात. बाजाराने तो धडा गिरवला नाही. मालिका धंद्याला सोयीची असते. नवा खंड आला की जुनेही पुन्हा खपतात.

याची किंमत मधले खंड मोजतात. रॉबर्ट जॉर्डन यांची ‘व्हील ऑफ टाइम’ १९९०मध्ये सुरू झाली. तिच्या २००३च्या दहाव्या खंडात बराच भाग नवव्याच्या शेवटी घडलेल्या एकाच घटनेकडे पात्रं कशी पाहतात यात जातो, आणि चाहतेसुद्धा वैतागले. जॉर्ज मार्टिन यांच्या ‘अ साँग ऑफ आइस अँड फायर’ या मालिकेचा पसारा इतका वाढला की २००५च्या चौथ्या खंडात निम्मी आवडती पात्रं आलीच नाहीत. ती थेट २०११मध्ये भेटली.

पण ज्या लांबणीचा कंटाळा येतो, तिच्यामुळेच ही माणसं घरची होऊन बसतात. दहा खंड सोबत काढल्यावर अकरावा न वाचणं जमत नाही. जॉर्डन २००७मध्ये वारले, तेव्हा मालिका अपुरी होती. त्यांच्या टिपणांवरून फँटसी लेखक ब्रँडन सँडरसन यांनी ती पूर्ण केली. एकच खंड उरला होता, त्याचे तीन झाले. २०१३मध्ये आलेला चौदावा आणि शेवटचा खंड थेट ‘न्यूयॉर्क टाइम्स’च्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेला. दहाव्या खंडावर चिडलेले किती जण त्यासाठी रांगेत होते, याची कल्पना करायला फार डोकं लागत नाही.