बी. रघुनाथ कोणत्या अक्षराखाली? मराठवाड्यातील ग्रंथालयांच्या वर्गीकरणाची पार्श्वभूमी

परभणीचे बी. रघुनाथ यांची कादंबरी हवी असेल तर ग्रंथालयाच्या तालिकेत, म्हणजे पुस्तकांच्या सूचीत, कोणतं अक्षर उघडायचं? त्यांचं मूळ नाव भगवान रघुनाथ कुलकर्णी. त्यामुळे टोपणनाव जसंच्या तसं घेतलं तर 'ब', बी.ला आद्याक्षर समजलं तर 'र' आणि आडनावाचा नियम काटेकोर लावला तर 'क'. एकाच ग्रंथालयात वेगवेगळ्या काळात हे तिन्ही निर्णय झाले, की पुस्तक कपाटात असूनही वाचक 'नाही' ऐकून परत जातो.

मराठवाड्यात ग्रंथ लावण्याची रीत छापील पुस्तकाच्या आधीची आहे. पैठण, अंबाजोगाईच्या परंपरेतल्या पोथ्यांना मुखपृष्ठ नसे. सुटी पानं कापडात बांधलेली, किंवा वहीसारखं शिवलेलं बाड. म्हणून सूचीत बाडाचा क्रमांक, पानांची संख्या, दर पानावरच्या ओळी, लिपी, पहिली ओवी आणि शेवटची पुष्पिका (लेखनाचा शक वगैरे सांगणारा समाप्तीचा मजकूर) टिपावी लागते. पुष्पिकेतल्या शकात ७८ मिळवले की इसवी सन येतो. पण पौषाचा उत्तरार्ध, माघ आणि फाल्गुन यांसाठी साधारणपणे ७९ मिळवावे लागतात. जुन्या सूच्यांत एका वर्षाची चूक बहुधा इथेच घुसते. महानुभावांच्या सकळ या सांकेतिक लिपीतल्या पोथ्यांना तर लिपी ओळखणारा माणूस बसल्याशिवाय नोंदच होत नाही. आणि दासोपंतांची पासोडी म्हणजे कापडावर लिहिलेला ग्रंथ. तिथे 'पानं' या रकान्यात काय भरणार?

छापील पुस्तकांची शिस्त बाहेरून आली. मेल्विल ड्युई यांची, पुस्तकाच्या विषयाला आकडा देणारी दशांश पद्धती १८७६ची, अमेरिकेतली. सयाजीराव गायकवाडांनी १९१०मध्ये अमेरिकन ग्रंथपाल बोर्डन यांना बडोद्यात आणलं, १९१५मध्ये लाहोरला डिकिन्सन यांनी ग्रंथालयशास्त्राचा वर्ग घेतला, आणि मद्रास विद्यापीठाच्या ग्रंथालयात काम करणाऱ्या रंगनाथन यांची द्विबिंदू ही वर्गीकरणाची पद्धती १९३३मध्ये प्रसिद्ध झाली. मराठवाडा त्या काळात निजामाच्या राज्यात होता. राज्यकारभार उर्दूत, १९१८च्या उस्मानिया विद्यापीठाचं माध्यमही उर्दू. त्यामुळे इथल्या जुन्या संग्रहांत मराठीच्या शेजारी उर्दू पुस्तकं असतात. ती उजवीकडून उघडतात, त्यांची नावं अलिफ-बे क्रमाने लागतात. दोन्ही भाषांच्या पुस्तकांची नोंद-कार्डं एकाच ड्रॉवरमध्ये घातली की दोन्ही क्रम बिघडतात. त्यांना वेगळा ड्रॉवरच द्यावा.

१९५५मध्ये हैदराबाद राज्याचा सार्वजनिक ग्रंथालय कायदा झाला, पण १ नोव्हेंबर १९५६ला मराठवाडा मुंबई राज्यात गेला. मग १९६०मध्ये महाराष्ट्र आणि १९६७मध्ये महाराष्ट्राचा स्वतःचा ग्रंथालय कायदा. या कायद्यात ग्रंथालय कर नाही. सार्वजनिक ग्रंथालयं अ, ब, क, ड अशा वर्गांनुसार शासकीय अनुदानावर चालतात. (हा 'वर्ग' वेगळा, पुस्तकाचा विषय सांगणाऱ्या वर्गांकाशी त्याचा संबंध नाही. नव्या कर्मचाऱ्याची इथे हमखास गल्लत होते.) तपासणीत पहिल्यांदा उघडली जाते ती दाखल नोंदवही, म्हणजे आलेलं प्रत्येक पुस्तक क्रमांकाने लिहायची वही. म्हणून गावोगावच्या वाचनालयांत दाखल क्रमांक चोख सापडतो आणि वर्गांक मात्र शेवटी येतो, किंवा येतच नाही. कथा, कादंबरी, चरित्र, बालवाङ्मय अशी कपाटं आणि आत दाखल क्रमांकाची रांग, एवढ्यावर काम चालतं. पाचशे-हजार पुस्तकांपर्यंत ते खपूनही जातं.

संग्रह वाढला की ड्युईकडे वळावं लागतं, आणि तिथे मराठी पुस्तकांची अडचण होते. धर्माच्या २०० या वर्गातला मोठा भाग ख्रिस्ती धर्मासाठी, हिंदू धर्म २९४.५मध्ये दाटीवाटीने. ज्ञानेश्वरी गीतेवरची टीका मानली तर २९४.५९२४, मराठी काव्य मानलं तर ८९१.४६१. दोन्ही बरोबर. पण एक प्रत इकडे आणि दुसरी तिकडे गेली की घोटाळा. निर्णय एकदा घेऊन वहीत लिहून ठेवावा, पुढचा ग्रंथपाल तो पाळतो. हैदराबाद मुक्तिसंग्रामाच्या पुस्तकांचंही तेच. महाराष्ट्र ९५४.७९२, आंध्र ९५४.८४, घटना जुन्या हैदराबाद राज्यातली, गाव मराठवाड्यातलं आणि ड्युईचे आकडे आजच्या राज्यांचे. रंगनाथनांच्या पद्धतीत साहित्यिकाचं जन्मवर्षच अंकात येतं. साहित्य ओ, मराठी १५५, कादंबरी ३, एकोणीसशेच्या शतकासाठी एन, म्हणून १९१३ साली जन्मलेले बी. रघुनाथ 'ओ १५५,३ एन १३' होतात. नावाच्या वादावरचा याहून नेटका उपाय सापडणं कठीण. पण लेखकाचं जन्मवर्ष शोधत बसायला छोट्या वाचनालयात वेळ कुणाला?

तालिकेचं कार्ड साडेसात बाय साडेबारा सेंटिमीटरचं, खाली भोक, त्यातून सळई. एका पुस्तकाची लेखक, ग्रंथनाम आणि विषय अशी किमान तीन कार्डं. मुख्य, म्हणजे लेखकाच्या, कार्डाच्या मागे बाकीच्यांची यादी लिहायची असते. ती लिहिली नाही, की पुस्तक बाद करताना फक्त लेखकाचं कार्ड निघतं आणि उरलेली दोन कार्डं नसलेल्या पुस्तकाकडे बोट दाखवत राहतात.

ज्ञानेश्वर 'ज'मध्ये की 'ह'नंतर? वर्णमालेत क्ष आणि ज्ञ शेवटी, ळही 'ह'नंतर. बऱ्याच ड्रॉवरांत तोच क्रम होता. युनिकोड या संगणकाच्या अक्षर-संकेतांत ज्ञ म्हणजे ज्+ञ, त्यामुळे तो 'ज'मध्ये जातो, क्ष 'क'मध्ये आणि ळ 'ल'च्या लगेच मागे. कार्ड पाहायची सवय असलेला वाचक यादीच्या तळाशी शोधत राहतो. त्याआधी श्रीलिपी किंवा कृतीदेव या जुन्या फाँटांत टंकलेल्या नोंदी तर फाँट बदलताच निरर्थक अक्षरं होऊन बसल्या. दुसऱ्या प्रणालीत नेण्याआधी त्या युनिकोडमध्ये बदलून दहा-वीस नोंदी हाताने पडताळाव्या लागतात. जोडाक्षरं आणि रफार आधी तपासावेत.

टोपणनावाचा प्रश्न कार्डांच्या काळात एका चिठ्ठीने सुटत असे: 'कुलकर्णी, भगवान रघुनाथ – पाहा: बी. रघुनाथ'. मार्क (MARC) या संगणकीय ग्रंथनोंदींच्या पद्धतीत याच कामासाठी नावाची स्वतंत्र नोंद असते. स्वीकारलेलं नाव १०० या टॅगमध्ये (क्रमांकाच्या रकान्यात), पर्यायी नावं ४००मध्ये. पुस्तकाची नोंद त्याशिवायही जतन होते, म्हणून ती नावाची नोंद बहुतेक ठिकाणी केलीच जात नाही. आणि 'पाहा' लिहिलेली कार्डं ड्रॉवरसकट रद्दीत गेलेली असतात.