दिवसाला चारच, तरी सुटत का नाही?

सिगारेट सोडवणाऱ्या औषधांच्या चाचण्यांमध्ये वर्षानुवर्षं एक अट ठरलेली असायची. भाग घेणारा माणूस दिवसाला किमान दहा सिगारेटी ओढणारा हवा. चार-पाच ओढणारा कुणी आलाच, तर त्याला परत पाठवलं जायचं. याला औषधाची गरजच काय, मनावर घेतलं की सुटेल, अशी समजूत त्यामागे होती. डॉक्टरांची आणि घरच्यांचीही तीच, आणि सगळ्यात जास्त त्या ओढणाऱ्याची स्वतःची. 'मी काही पाकीटभर ओढत नाही, वाटेल तेव्हा सोडेन,' असं म्हणता म्हणता पंधरा वर्षं निघून जातात.

आपल्याकडे तर कमी ओढणारा हाच नेहमीचा माणूस आहे. 2016-17 च्या राष्ट्रीय तंबाखू सर्वेक्षणानुसार भारतात रोज सिगारेट ओढणारा माणूस दिवसाला सरासरी सातच्या आतच सिगारेटी ओढतो. महाराष्ट्रात सुट्या सिगारेट-बिडीच्या विक्रीवर सप्टेंबर 2020 पासून बंदी आहे, पण टपरीवर उभं राहून एकच मागणारे आणि ती देणारे दोघंही आजही दिसतात. पाकीट विकत घेतलेलं नसलं की आपण ओढणाऱ्यांत मोडत नाही, असं त्या माणसाला मनापासून वाटत असतं.

हृदयाला मात्र हा हिशेब मान्य नाही. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या अ‍ॅलन हॅकशॉ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 141 अभ्यासांची आकडेवारी एकत्र करून 2018 मध्ये 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये मांडली. दिवसाला वीस सिगारेटी ओढणाऱ्या पुरुषांना हृदयविकाराचा धोका न ओढणाऱ्यांच्या साधारण दुप्पट असतो. मग फक्त एक ओढणाऱ्याला त्या वाढीचा विसावा भाग यायला हवा होता. प्रत्यक्षात एका सिगारेटीनेच धोका 48 टक्क्यांनी वाढलेला दिसला, म्हणजे विसांमुळे होणाऱ्या वाढीच्या जवळपास निम्मा. नॉर्वेत चाळीस हजारांहून जास्त लोकांचा बरीच वर्षं मागोवा घेतला, तेव्हा रोज एक ते चार सिगारेटी ओढणाऱ्यांमध्येही हृदयविकाराने मरण्याचं प्रमाण न ओढणाऱ्यांच्या अडीचपटीहून जास्त निघालं. धुरामुळे रक्तातल्या बिंबिका (प्लेटलेट्स, म्हणजे रक्त गोठवणारे कण) चिकट होतात आणि रक्तवाहिन्यांचं अस्तर बिघडतं, आणि त्याला फार थोडा धूर पुरतो. फुप्फुसाच्या कर्करोगाचा धोका सिगारेटींच्या संख्येबरोबर बऱ्याच अंशी चढत जातो, हृदयाचा तसा चढत नाही. तो सुरुवातीलाच उडी मारतो. म्हणून वीसवरून पाचवर आणणं ही चांगली गोष्ट असली, तरी पाचवर थांबणं ही सुटका नव्हे.

आता मुख्य प्रश्न. इतक्या कमी ओढणाऱ्याला सोडणं सोपं का जात नाही?

झुरका घेतल्यावर निकोटिन दहा-वीस सेकंदांत मेंदूत पोचतं. तिथे त्याला चिकटायला खास ग्राही, म्हणजे पेशींवरच्या ठरलेल्या जागा, असतात, त्यांतल्या महत्त्वाच्या प्रकाराला अल्फा-4-बीटा-2 म्हणतात. निकोटिन तिथे बसलं की डोपामिन हे बरं वाटायला लावणारं रसायन सुटतं आणि मेंदू त्या क्षणाची नोंद 'हे पुन्हा हवं' अशी करून ठेवतो. कॅलिफोर्नियातल्या आर्थर ब्रॉडी यांच्या गटाने 2006 मध्ये ओढणाऱ्यांच्या मेंदूचे पेट-स्कॅन काढले. एक-दोन झुरक्यांतच यांतले निम्मे ग्राही व्यापले गेले होते. पूर्ण एका सिगारेटीने 88 टक्क्यांच्या वर. पहिलीच सिगारेट मेंदूपुरती जवळजवळ पूर्ण काम करून जाते, मग माणूस दिवसात अजून तीन ओढो की तेवीस.

जास्त ओढणारा माणूस बऱ्याचदा रक्तातलं निकोटिन उतरू नये म्हणून ओढतो. सकाळी उठल्यापासून अर्ध्या तासात त्याला पहिली लागते. कमी ओढणाऱ्याचं निकोटिन दोन सिगारेटींच्या मधे पार उतरून गेलेलं असतं आणि तो ते सहन करतो. पण चहाचा कप हातात आला, मित्र भेटले, साहेबांशी वाजलं, की तलफ उसळी मारून वर येते. त्याची सवय प्रसंगांना बांधलेली असते. म्हणूनच तो रविवारी घरी एकही न ओढता राहू शकतो, आणि त्यावरून आपल्याला व्यसन नाही असा निष्कर्ष काढतो. सोमवारी ऑफिसखालच्या टपरीवर तो निष्कर्ष टिकत नाही.

या लोकांना उपचारांतून वगळणं चूक आहे, हे ज्यांनी चिकाटीने तपासलं त्यांची गोष्ट अमेरिकेतल्या कॅन्सस सिटीची आहे. तिथे स्वोप हेल्थ सेंट्रल हे वस्तीतलं आरोग्यकेंद्र आहे आणि तिथे येणारे रुग्ण मुख्यतः कृष्णवर्णीय, कमी उत्पन्नाचे. अमेरिकेतले कृष्णवर्णीय लोक गोऱ्यांपेक्षा सरासरी कमी सिगारेटी ओढतात, तरीही तंबाखूमुळे होणाऱ्या आजारांचा मार त्यांनाच जास्त बसतो. तेवढ्याच सिगारेटी ओढूनही त्यांच्या रक्तात कोटिनिन, म्हणजे निकोटिन मोडल्यावर उरणारा पदार्थ, जास्त सापडतो. एकेका सिगारेटीतून ते जास्त धूर ओढून घेतात आणि कोटिनिनचा निचराही सावकाश होतो. 'किती ओढता?' या प्रश्नाचं उत्तर किती फसवं असू शकतं, हे यातून कळतं. आणि औषधांच्या चाचण्यांतली दहा सिगारेटींची अट नेमकी याच लोकांना बाहेर ठेवत होती.

जसजित अहलुवालिया, कोलावोले ओकुयेमी, लिसा सँडरसन कॉक्स, निकोल नोलन अशा संशोधकांनी इथे एकामागून एक चाचण्या केल्या. 2006 मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत दिवसाला दहा किंवा त्याहून कमी ओढणारे 755 जण होते. काहींना निकोटिनचं च्युइंगम, काहींना तसंच दिसणारं बिनऔषधी च्युइंगम. सहा महिन्यांनी पहिल्या गटात 14.2 टक्के लोकांनी सिगारेट सोडलेली होती, दुसऱ्यात 11.1 टक्के. हा फरक योगायोगाचाही असू शकतो एवढाच. च्युइंगम नापास झालं.

पण त्याच चाचणीत समुपदेशनाचेही दोन प्रकार तपासले होते, आणि मला सगळ्यात उद्बोधक वाटतो तो हा भाग. एका प्रकारात समुपदेशक माणसाला बोलतं करायचा, सोडण्याची इच्छा त्याच्याच तोंडून बाहेर यावी असं पाहायचा. दुसऱ्यात तो सरळ माहिती आणि सल्ला द्यायचा: तंबाखू काय करते, सोडल्यावर काय होतं, तलफ आली की काय करायचं. पहिली पद्धत जास्त प्रतिष्ठेची, जास्त आधुनिक. निकाल मात्र दुसरीच्या बाजूने लागला आणि फरक थोडाथोडका नव्हता: 16.7 विरुद्ध 8.5 टक्के. माझ्या मते यात आश्चर्य नाही. चाचणीला आलेली माणसं सोडायचंच ठरवून आली होती. त्यांना कसं सोडायचं ते सांगणारं कुणीतरी हवं होतं. 'तुम्हाला का सोडावंसं वाटतं?' हे पुन्हा पुन्हा विचारत राहण्यात त्यांचा वेळ जात होता.

2012 मध्ये ब्युप्रोपिऑन या गोळीची पाळी आली. 540 लोक, सात आठवडे गोळ्या, काहींना औषधाच्या, काहींना बिनऔषधी. गोळ्या चालू असेपर्यंत फरक चांगला दिसला, 23.7 विरुद्ध 9.6 टक्के. सहा महिन्यांनी तो 13.3 विरुद्ध 10 वर येऊन विरून गेला.

मग व्हॅरेनिक्लिन. हे औषध अमेरिकेत 2006 पासून मिळतं आणि त्याची कल्पना एका वनस्पतीतल्या सिटिसिन नावाच्या द्रव्यावरून सुचलेली आहे. गर्दीच्या एसटीत खिडकीतून रुमाल टाकून सीट धरावी, तसं ते मेंदूतल्या त्या ग्राहींवर जागा धरून बसतं. ग्राही थोडेसे उत्तेजित होतात, थोडं डोपामिन सुटत राहतं, त्यामुळे जीव कासावीस होत नाही. आणि माणसाने मोह न आवरून सिगारेट पेटवलीच, तर निकोटिनला बसायला जागा नसते. 'काही मजा नाही आली,' असं लोक सांगतात ते त्यामुळे. कमी ओढणाऱ्यासाठी हे दुसरं काम फार मोलाचं आहे असं मला वाटतं, कारण चहाबरोबरच्या त्या एका सिगारेटीतली मजाच काढून घेतली, की प्रसंग आणि सिगारेट यांची गाठ सैल व्हायला लागते.

कॅन्सस सिटीतल्या या चाचणीचे निकाल जून 2022 मध्ये 'जामा' या नियतकालिकात आले. रोज ओढणारे 500 कृष्णवर्णीय प्रौढ, त्यांत दिवसाला एक ते दहा ओढणारेही आणि जास्त ओढणारेही. समुपदेशनाच्या सहा बैठका सगळ्यांना. बारा आठवडे काहींना व्हॅरेनिक्लिन, काहींना तशीच दिसणारी बिनऔषधी गोळी. कुणाच्या शब्दावर विसंबायचं नाही म्हणून लाळेतलं कोटिनिन तपासलं. सव्वीस आठवड्यांनी औषध घेतलेल्यांपैकी 15.7 टक्के आणि न घेतलेल्यांपैकी 6.5 टक्के सिगारेटमुक्त होते. उपचार संपले त्या बाराव्या आठवड्याला फक्त कमी ओढणाऱ्यांकडे पाहिलं, तर 22.1 विरुद्ध 8.5 टक्के. औषधाची गरज नाही असं ज्यांच्याबद्दल धरून चाललो होतो, त्यांनाही त्याचा उपयोग झाला, आणि तो अडीचपट.

हे आकडे कुणाला फार लहान वाटतील. सहा महिन्यांनी शंभरातले चौऱ्याऐंशी ओढतच होते, हे खरंच आहे. पण नुसत्या समुपदेशनावर शंभरातले सहा-सात सुटत होते आणि गोळीची जोड दिल्यावर पंधरा-सोळा सुटले. तंबाखूच्या बाबतीत एवढी वाढ म्हणजे पुष्कळ माणसांचं आयुष्य. शिवाय पहिल्या खेपेला न जमलेला माणूस पुन्हा प्रयत्न करू शकतो. बहुतेकांची सिगारेट एका फटक्यात सुटत नाही.

मग नुसती गोळीच का देऊ नये? कारण गोळी तलफ कमी करते, दिवस बदलत नाही. चांगला समुपदेशक पहिल्या भेटीत माणसाला आठवडाभर प्रत्येक सिगारेटीची नोंद ठेवायला सांगतो. किती वाजता, कुठे, कोणाबरोबर, आणि दहापैकी किती गुणांची तलफ होती. समजा, एकाच्या वहीत चार नोंदी निघाल्या. सकाळी चहानंतर बाल्कनीत, तलफ आठ. अकराला टपरीवर सहकाऱ्यांबरोबर, तलफ तीन. जेवणानंतर, सहा. रात्री कुत्र्याला फिरवताना, सात. अकराची सिगारेट त्याला हवीशी नव्हतीच. ती मंडळींसाठी होती. तिच्यावरचा इलाज 'आजपासून मला देऊ नका' असं त्यांना आधी सांगून ठेवणं, आणि पहिले दोन आठवडे चहा जागेवरच मागवणं. सकाळची मात्र खरी झुंजीची. तिच्यासाठी चहाची जागा बदलायची, कपाबरोबर हातात दुसरं काहीतरी घ्यायचं, तलफ काही मिनिटांत ओसरते हे घड्याळ लावून स्वतः अनुभवायचं. चार सिगारेटी म्हणजे चार वेगळे प्रश्न, आणि हे काम कुठलीही गोळी करू शकत नाही.

व्हॅरेनिक्लिन डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच घ्यायचं. सोडायची तारीख ठरवून तिच्या आठवडाभर आधी गोळी सुरू करतात: पहिले तीन दिवस अर्धा मिलिग्रॅम एकदा, पुढचे चार दिवस तेवढीच दोनदा, मग एक मिलिग्रॅम दोनदा, असे एकूण बारा आठवडे. मूत्रपिंडाचा आजार असेल तर मात्रा कमी करावी लागते. मळमळ हा नेहमीचा त्रास. जेवणानंतर आणि पेलाभर पाण्याबरोबर घेतली की तो बराच कमी होतो. काहींना स्वप्नं फार ठळक पडतात. या औषधाने मन:स्थिती बिघडते अशी भीती एकेकाळी होती आणि अमेरिकेत 2009 मध्ये त्यावर तसा कडक इशाराही छापला गेला. आठ हजारांहून जास्त लोकांच्या मोठ्या चाचणीत तसं आढळलं नाही, तेव्हा 2016 च्या अखेरीस तो काढून टाकला. तरीही पूर्वी नैराश्य वगैरे झालं असेल तर डॉक्टरांना आधी सांगावं.

2021 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने व्हॅरेनिक्लिन आणि ब्युप्रोपिऑन अत्यावश्यक औषधांच्या यादीत घेतली. 2024 मध्ये तिने तंबाखू सोडवण्याच्या उपचारांची मार्गदर्शक तत्त्वंही दिली, आणि त्यांत औषध आणि समुपदेशन बरोबरीने देण्यावर भर आहे. भारत सरकारची तंबाखूमुक्तीची दूरध्वनी सेवा 1800-11-2356 या क्रमांकावर मोफत आहे. फोन करताना आपल्या चार सिगारेटी सांगायला संकोचू नये. आणि डॉक्टरांकडे गेल्यावर 'दिवसाला किती?' एवढंच विचारून त्यांनी विषय संपवला, तर कुठली सिगारेट सोडणं सगळ्यात कठीण जाईल ते आपणहून सांगावं. उपचार तिच्यापासूनच ठरवायचे असतात.