सुप्त साहचर्य चाचणी

माणसाने नकळत बाळगलेला वांशिक पूर्वग्रह उघडा पाडणारी, असा बोलबाला झालेली मानसशास्त्रीय चाचणी. मूळ नाव इम्प्लिसिट असोसिएशन टेस्ट, रूढ लघुरूप आयएटी. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ अँथनी ग्रीनवाल्ड व सहकाऱ्यांनी ती १९९८ मध्ये मांडली. सिकंदराबादेत जन्मलेल्या महजरीन बानाजी यांचा तिच्या प्रसारात मोठा वाटा आहे. प्रत्यक्षात ती मोजते फक्त वेळ.

पडद्यावर चेहरे आणि शब्द एकामागून एक येतात. एका फेरीत गोरा चेहरा किंवा चांगला शब्द दिसला की डावी कळ, काळा चेहरा किंवा वाईट शब्द दिसला की उजवी. दुसऱ्या फेरीत जोड्या उलटतात. कोणत्या फेरीत बोट किती रेंगाळले, हे मिलिसेकंदांत नोंदले जाते. दोन फेऱ्यांच्या सरासरी वेळांतल्या फरकाला त्याच व्यक्तीच्या वेळांच्या प्रमाण विचलनाने (वेळा किती विखुरल्या याचे माप) भागले की ‘डी’ गुणांक मिळतो. ०.१५ पासून किंचित, ०.३५ पासून मध्यम, ०.६५ पासून तीव्र कल, अशी प्रतवारी करतात. या रेषा संशोधकांनी आखलेल्या. कोणत्या आकड्याला माणूस प्रत्यक्ष भेदभाव करू लागतो, हे त्यांवरून कळत नाही.

बोट रेंगाळते ते आकसामुळे असेलही, पण सतत जोडीने कानी पडणाऱ्या शब्दांमुळेही. मराठीत काळा बाजार आहे, तोंड काळे करणे आहे. आणि शेतकऱ्याची काळी आईही आहे. नाशिकच्या पंचवटीत काळाराम आणि गोराराम अशी दोन्ही मंदिरे आहेत, त्यांत ख्याती जास्त काळारामाची. (चाचणीचे हे रूप अर्थात अमेरिकेतल्या वंशभेदासाठी बेतलेले, जात त्याच्या चौकटीत नाही.) याच काळारामाच्या दारी २ मार्च १९३० रोजी डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली मंदिरप्रवेशाचा सत्याग्रह सुरू झाला. सत्याग्रहाचे स्थानिक नेते दादासाहेब गायकवाड आणि सत्याग्रहींसमोरची बंदी उघड होती; असला भेदभाव या चाचणीचा विषयच नव्हे.

तीच व्यक्ती पुन्हा बसली तर दोन निकालांतला सहसंबंध (० म्हणजे काहीच मेळ नाही, १ म्हणजे तंतोतंत मेळ) ०.५ च्या आसपास भरतो. त्यामुळे समूहाच्या सरासरीसाठी चाचणी बरी, एका माणसावर शिक्का मारायला कच्ची. आपला निकाल काय येईल याचा अंदाज लोकांना बऱ्यापैकी बांधता येतो, असे २०१४ च्या प्रयोगांत दिसल्याने ‘नकळत’ हा शब्दही डळमळला. वर्तनाशी नाते क्षीणच: अनेक अभ्यासांच्या २०१३ मधल्या एकत्रित विश्लेषणात सहसंबंध ०.१५ च्या आसपास होता. सुमारे पाचशे अभ्यासांचा २०१९ मधला आढावा सांगतो, की उपाय करून गुण थोडे हलवता येतात, पण त्या बदलामुळे वागणे बदलल्याचा पुरावा मिळत नाही.