उसाचं बिल थकलंय? एफआरपीसाठी अर्ज कुठं करायचा, कोण करू शकतं आणि कागद कोणते लागतात

ऊस जाऊन दोन-दोन महिने होतात तरी बिल खात्यावर नाही, चिटबॉयला (ऊस नोंद घेणारा कारखान्याचा माणूस) विचारलं तर तो गटऑफिसला पाठवतो आणि गटऑफिसवाले म्हणतात मुख्य ऑफिसला जा. बऱ्याच ठिकाणी दर हंगामाला हेच चाललंय. लोक कंटाळून गप्प बसतात कारण अर्ज नक्की कुणाकडे करायचा हेच माहीत नसतं, म्हणून हे सगळं एका जागी लिहितोय.

पहिलं म्हणजे कायदा काय म्हणतो. ऊस नियंत्रण आदेश १९६६ प्रमाणे ऊस कारखान्याला पोचल्यापासून १४ दिवसांत एफआरपीचे म्हणजे केंद्राने ठरवलेल्या किमान ऊस दराचे पैसे द्यायचे असतात आणि उशीर झाला तर वर्षाला १५ टक्के दराने व्याज द्यायचं असतं. हे व्याज फार कमी लोक मागतात. समजा ८० टन ऊस गेला आणि हातात यायचा दर टनाला ३१०० आहे, तर बिल झालं २ लाख ४८ हजार, त्यावर महिन्याचं व्याज ३१०० रुपये होतं म्हणजे दर महिन्याला एक टन ऊस फुकट गेल्यासारखं आहे. त्यामुळे अर्जात व्याज लिहायचंच, तोंडी बोलून उपयोग नाही.

पण इथं एक गोम आहे. त्याच आदेशात असंही आहे की शेतकरी आणि कारखाना यांच्यात वेगळा लेखी करार असेल तर १४ दिवसांची अट तशी लागत नाही. ऊस नोंदीच्या वेळी जो छापील करारनामा पुढं करतात आणि आपण उभ्या उभ्या सही करून मोकळे होतो, त्यात बऱ्याचदा बिल हप्त्याने घ्यायला माझी संमती आहे असं वाक्य असतं. ते वाक्य वाचा, मान्य नसेल तर खोडून बाजूला सही करा आणि करारनाम्याचा मोबाईलवर फोटो काढून ठेवा. माझ्या मते सगळ्या प्रोसेसमधली सगळ्यात महत्त्वाची पायरी हीच आहे, कारण पुढं सुनावणीत कारखाना पहिला हाच कागद काढतो.

आता हिशोब. २०२५-२६ च्या हंगामाला केंद्राने १०.२५ टक्के उताऱ्याला (उतारा म्हणजे शंभर किलो उसातून निघणारी साखर) क्विंटलला ३५५ रुपये एफआरपी ठरवली, त्याच्यावर प्रत्येक ०.१ टक्क्याला ३ रुपये ४६ पैसे जादा, आणि उतारा ९.५ टक्के किंवा खाली असला तरी ३२९ रुपये ५ पैसे मिळायलाच पाहिजेत. म्हणजे उतारा ११.५० धरला तर टनाला ३५५० अधिक ४३२.५० असे ३९८२ रुपये ५० पैसे होतात, त्यातून तोडणी वाहतूक वजा होऊन राहील ते आपलं. तोडणी वाहतुकीचा आकडा कारखान्यागणिक वेगळा असतो, तो आपल्या बिलावर बघा आणि शेजारच्या कारखान्याशी ताडून बघा. मागं २०२२ मध्ये राज्य सरकारने एफआरपी दोन टप्प्यांत द्यायचा निर्णय काढला होता, तो मुंबई हायकोर्टाने मार्च २०२५ मध्ये रद्द केला, त्यामुळे अजून कुणी तो जीआर दाखवून अर्धे आता अर्धे हंगाम संपल्यावर म्हणत असेल तर हायकोर्टाचा निकाल अर्जात लिहा.

आणि कारखाना आता नुसती साखर करत नाही हे पण लक्षात घ्या. आपल्याच उसाच्या बगॅसवर म्हणजे चिपाडावर बॉयलर चालवून वीज तयार होते, कारखान्याची गरज भागवून उरलेली विकली जाते, मळीपासून स्पिरिट आणि इथेनॉल बनतं आणि इथेनॉल तेल कंपन्या पेट्रोलमध्ये मिसळायला घेतात, प्रेसमडचं म्हणजे रस गाळून राहिलेल्या गाळाचं खत होतं. या सगळ्याचा आपल्या दराशी दोन ठिकाणी संबंध येतो. एक म्हणजे उतारा, बी हेवी मळी (जिच्यात अजून बरीच साखर शिल्लक असते) किंवा थेट रसापासून इथेनॉल केलं की तेवढी साखर पोत्यात येत नाही आणि उतारा कमी दिसतो, पण एफआरपी काढताना इथेनॉलकडे वळवलेली साखर उताऱ्यात मिळवायची असते, त्यासाठी मांजरीच्या वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटकडून प्रमाणपत्र घेतलं जातं. तुमच्या कारखान्याचा उतारा एकदम एक-दीड टक्क्याने खाली आला आणि डिस्टिलरी जोरात चालू असेल तर हे नक्की विचारा. दुसरं म्हणजे २०१३ चा राज्याचा ऊस दर कायदा, ज्याला लोक ७०-३० म्हणतात, साखर आणि बगॅस, मळी, प्रेसमड धरून जे उत्पन्न होतं त्याचा ७० टक्के वाटा उसाला, किंवा नुसत्या साखरेचा हिशोब धरला तर ७५ टक्के. हंगाम संपल्यावर हा दर काढून ऊस दर नियंत्रण मंडळापुढे जातो, तो एफआरपीपेक्षा जास्त निघाला तर फरक द्यावा लागतो आणि कमी निघाला तरी एफआरपी कमी होत नाही.

अर्ज कोण करू शकतं, तर ज्याच्या नावाने ऊस गेलाय तो. सभासद असो नाहीतर बिगर सभासद, खाजगी कारखाना असो नाहीतर सहकारी, फरक पडत नाही. अडचण येते ती नावाची. सातबारा वडिलांच्या नावावर, नोंद भावाच्या कोडवर आणि बँक खातं तिसऱ्याचंच असं असलं की कारखाना हात वर करतो, म्हणून वडील वारले असतील तर वारस नोंदीचा फेरफार आधी करून घ्या, सामाईक क्षेत्र असेल तर बाकीच्यांचं संमतीपत्र ठेवा. खंडाने केलेल्या जमिनीला मूळ मालकाचं संमतीपत्र नोंदीच्या वेळीच लावा. आपला ऊस दुसऱ्याच्या नावावर घालायची सवय तर सोडाच, कागदावर तो त्याचाच ऊस असतो.

कागद फार नाहीत. सातबारा आणि आठ अ, आधार, पासबुकचं पहिलं पान, ऊस नोंदीची पावती (साखर आयुक्तालयाच्या महा-ऊस नोंदणी ॲपवर नोंद केली असेल तर त्याचा स्क्रीनशॉट), करारनाम्याची कॉपी, प्रत्येक खेपेची वजनकाट्याची पावती, आणि आलं असेल तर बिलाची प्रत. वजनाच्या पावत्या थर्मल कागदावर असल्या तर दोन-चार महिन्यात अक्षर उडून जातं, त्यामुळे त्याच दिवशी फोटो काढा. बाहेरच्या काट्यावर वजन करून नेलं असेल तर ती पावती पण जोडा, तसा ऊस कारखान्याने नाकारायचा नाही असं साखर आयुक्तालयाचं परिपत्रक आहे.

पहिला अर्ज कारखान्याच्या कार्यकारी संचालकांच्या नावाने करायचा, दोन प्रती न्यायच्या आणि एकीवर आवकचा शिक्का तारखेसह घ्यायचा. शिक्का देत नसतील तर स्पीड पोस्टाने पाठवा, पोचपावती जपून ठेवा. अर्जात मोजकं लिहा, हंगाम कोणता, नोंद नंबर, गट नंबर, कुठल्या तारखेपासून कुठल्या तारखेपर्यंत किती टन गेला, किती पैसे आले, किती राहिले, १४ दिवसांनंतरचं १५ टक्के व्याज किती. तुमच्या लेखी संमतीशिवाय ठेव किंवा कसला निधी म्हणून कपात केली असेल तर तेही वेगळ्या ओळीत लिहा. सोसायटीच्या कर्जाची वसुली मात्र यात घुसडू नका, तो वेगळा विषय आहे.

पंधरा दिवसांत काही हाललं नाही तर दुसरा अर्ज प्रादेशिक सहसंचालक (साखर) यांच्याकडे. सांगलीवाल्यांना कोल्हापूर, सातारकरांना पुणे, लातूर परभणीवाल्यांना नांदेड, बाकी सोलापूर, अहिल्यानगर, छत्रपती संभाजीनगर, अमरावती अशी ऑफिसं आहेत. एक प्रत साखर आयुक्त, साखर संकुल, शिवाजीनगर, पुणे इथे. पहिल्या अर्जाची शिक्क्याची प्रत जोडायला विसरू नका. एकट्याने केला तरी चालतो पण गावातले वीस-पंचवीस जण मिळून प्रत्येकाने आपापला अर्ज केला आणि एकाच दिवशी दिला तर फाईल लवकर हलते.

पुढं साखर आयुक्त कारखान्याची सुनावणी घेतात, देणी खरी निघाली तर आरआरसी म्हणजे महसुली वसुलीचं प्रमाणपत्र काढून जिल्हाधिकाऱ्यांना पाठवतात, मग शेतसाऱ्याची थकबाकी वसूल करतात तशी वसुली होते, साखर, मळी, बगॅसचा साठा आणि गरज पडली तर जमीन मशिनरी जप्त होऊन लिलाव होतो. यात तहसील पातळीवर बराच वेळ जातो, बँकेचं कर्ज साखरेच्या साठ्यावर असलं की भांडण वाढतं. म्हणून आरआरसी निघाली की तिचा नंबर आणि तारीख घ्या आणि तहसीलदारांकडे लेखी पाठपुरावा चालू ठेवा.

वेळेचं म्हणाल तर पुढच्या हंगामाचा गाळप परवाना देताना आयुक्तालय मागची एफआरपी बाकी बघतं, परवान्याशिवाय कारखाना गाळप करू शकत नाही, त्यामुळे जुनी बाकी असेल तर गणपती-दसऱ्याच्या आत अर्ज पुण्यात पोचलेला असू द्या.