आडवं पिंप, उभं पिंप: शेगडी कुठली आणि स्मोकर कुठला

दोनशे लिटरचं लोखंडी पिंप लांबीत कापलं, बिजागऱ्या ठोकल्या, आत जाळी टाकली की त्याला सर्रास स्मोकर, म्हणजे मंद आचेवर धुरात शिजवायचं साधन, म्हणतात. ती झाकणाची शेगडी. निखारा आणि मासा यांच्यात वीतभर अंतर, जाळीवर दोन-अडीचशे अंशांची आच, बांगडा दहा मिनिटांत तयार. स्मोकरचं पिंप कापायचं नसतं, ते उभंच राहतं. निखारा तळाशी, जाळी वर तोंडाजवळ, आत 110 ते 130 अंश सेल्सिअस. अख्ख्या कोंबडीला दोन-तीन तास लागतात.

शेगडीला हवा चहूकडून मिळते, आच कमी करायची तर निखारे सरकवायचे. उभ्या पिंपात हवा मोजून द्यावी लागते. आडव्या पिंपाचं झाकण लावून धुरावायला गेलं की कापलेल्या कडेतून हवा शिरते, कोळसा भडकतो आणि मासा बाहेरून करपून आत कच्चा राहतो.

उभ्यासाठी अख्खं झाकण निघणारं, रिंगने आवळणारं पिंप घ्या. आंब्याच्या पल्पचं मिळालं तर उत्तम, कारण पल्प आत पिशवीत असतो. लोटे-महाडच्या रासायनिक पट्ट्यातलं, आत काय होतं ते माहीत नसलेलं पिंप फुकट मिळालं तरी नको. दोन बुचांचं बंद पिंप, विशेषतः तेलाचं किंवा थिनरचं, ग्राइंडरने कापू नये. आतल्या वाफेला ठिणगी लागली की स्फोट होतो. आतून लालसर किंवा पिवळट लेप दिसला तर तेही सोडा, तो लेप साध्या जाळाने नीट जात नाही. लेप नसेल तर बाहेरचा रंग जाईपर्यंत मोकळ्या जागी दोन-तीन तास लाकडाचा मोठा जाळ करा. मग घासून आतून खाद्यतेलाचा पातळ हात द्यायचा. उष्णता सोसणारा रंग फक्त बाहेरून.

तळापासून 5 सेंमीवर सारख्या अंतराने 20 मिमीची चार भोकं. तिघांना आटे असलेला काळा (जस्ताचा मुलामा नसलेला) पाइप आणि टोपी, चौथ्याला हवा कमी-जास्त करायला बॉल व्हॉल्व्ह. झाकणाला 12 मिमीची आठ भोकं, ती धुरावताना कायम उघडी. तोंडापासून 18 सेंमी खाली स्टेनलेसचे चार बोल्ट, त्यांवर स्टेनलेसची जाळी. गॅल्व्हनाइज्ड जाळी नकोच, फार तापली की जस्ताचा विषारी धूर सुटतो. कोळशाची टोपली 35 सेंमी रुंद, 20 सेंमी उंच, राख खाली पडावी म्हणून तळापासून 7-8 सेंमी वर. हे सगळं जांभ्याच्या चिऱ्यांवर ठेवा, भोकं समुद्राच्या वाऱ्याकडे नकोत. दुपारी वारा फिरला की आच आपोआप चढते.

टोपलीत चारेक किलो न पेटवलेला कोळसा, वर दहा-बारा पेटलेले निखारे. पारा 90 वर आला की टोप्या लावायला घ्या. 110 होईपर्यंत थांबलात तर तो दीडशेपार जातो आणि उतरायला तास घेतो. आच जास्त वाटली म्हणून झाकण उघडणं ही नेहमीची चूक. हवा आत गेली की निखारे आणखी भडकतात.

धुराला पेरू, चिंच किंवा आंब्याचं साल काढलेलं सुकं लाकूड, मुठीएवढे तीन-चार तुकडे. पावसाळ्यात ओलसर राहिलं तर धूर पांढराफेक येतो आणि मासा कडवटतो. जवळजवळ न दिसणारा निळसर धूर हवा. नारळाची सोडणं फार धूर करतात. काजूची टरफलं शेगडीतही नको, त्यांच्या तेलाचा धूर डोळ्यांना आणि घशाला झोंबतो. करवंटीचा कोळसा मात्र दोन्हीकडे चांगला.

बांगडा धुरावायचा तर लिटरभर पाण्यात 70 ग्रॅम मीठ, त्यात तासभर. मग पुसून पंख्याखाली ठेवा. बोट लावलं की कातडी किंचित चिकट लागली पाहिजे. ओल्या कातडीवर धूर काजळीसारखा बसतो. जाड भागात 70 अंश झाले की काढायचा, साधारण तासाभरात. कोंबडीला 75 हवेत.

काम झाल्यावर खालची-वरची सगळी भोकं बंद केली की विस्तव विझतो. थंड झालं की राख लगेच काढा. खाऱ्या हवेत राख ओल धरते आणि मिलिमीटरभर जाडीचा पत्रा आतून खाते. धुरावलेला बांगडा मात्र सुक्या बांगड्याच्या हिशेबाने डब्यात भरून ठेवू नका. मीठ कमी, ओल शिल्लक. फ्रिजमध्ये तीन दिवस.