थॅलेट विघटक विनॉक्सी जिवाणू

प्लास्टिक मऊ करण्यासाठी मिसळल्या जाणाऱ्या थॅलेट रसायनांचे ऑक्सिजनविना विघटन करणारे जिवाणू. पीव्हीसीच्या लवचीक नळ्या, रेक्झिन, वायरींची आवरणे यांत वजनाच्या 30–40 टक्क्यांपर्यंत थॅलेट असू शकते. प्लास्टिकशी त्याचा रासायनिक बंध नसतो, म्हणून ते झिरपत राहते. ठाणे–बेलापूर पट्ट्यात कारखाने आणि दाट वस्ती एकमेकांना खेटून असल्याने ते घरगुती आणि औद्योगिक अशा दोन्ही सांडपाण्यांतून येऊ शकते.

हवा मिळाली तर जिवाणू ऑक्सिजनच वापरून थॅलेटचे बेंझीन वलय फोडतात. हवेविना सुरुवात सोपी असते: एस्टरेज एंझाइमे वलयाला जोडलेल्या अल्कोहोलच्या दोन्ही शेपट्या कापतात आणि थॅलिक आम्ल उरते. खरी कसोटी पुढे. थावेरा, ॲरोमॅटोलियम यांसारखे ऑक्सिजनऐवजी नायट्रेटवर श्वसन करणारे जिवाणू या आम्लाला कोएंझाइम-ए हा पेशीतला सहायक रेणू जोडतात. तयार होणारे थॅलॉइल-कोएंझाइम-ए इतके अस्थिर असते की काही मिनिटांत आपोआप मोडते. ते वाया जाण्याआधी त्यातला कार्बन डायऑक्साइड काढायचा, म्हणून पेशी डिकार्बोक्सिलेज एंझाइमचा अक्षरशः साठा करते. त्यातून मिळणाऱ्या बेंझॉइल-कोएंझाइम-एचे वलय मग क्षपणाने, म्हणजे इलेक्ट्रॉन मिळून, मोडते. नवी मुंबईच्या मैलापाणी केंद्रांत एकाच टाकीत आळीपाळीने हवा सोडण्याची व थांबवण्याची चक्रीय पद्धत आहे. हवा थांबल्यावर नायट्रेट शिल्लक असेल तोवर अशा जिवाणूंना वाव मिळतो.

ठाणे खाडीच्या तिवरांखालचा काळा, सडक्या अंड्यासारखा वास येणारा चिखल ही वेगळी परिस्थिती. तेथे समुद्राच्या पाण्यातले सल्फेट विपुल असते. डिसल्फोसार्सिना सेटोनिका हा सल्फेटवर जगणारा जिवाणू थॅलिक आम्ल पचवतो.

नायट्रेट, सल्फेट दोन्ही नसतील तर सिंट्रोफोरॅब्डससारखे जिवाणू मिथेनजनकांशी (मिथेन वायू तयार करणाऱ्या सूक्ष्मजीवांशी) भागीदारी करतात. त्यांनी सोडलेला हायड्रोजन जोडीदाराने सतत संपवला नाही, तर ऊर्जेचा हिशेब तोट्यात जातो. पॉलिस्टर उद्योगातील टेरेथॅलिक आम्लाच्या (थॅलिक आम्लाच्या भावंडाच्या) सांडपाण्यावर विनॉक्सी टाक्यांत अशीच जोडी काम करते.

थॅलेटांत सर्वांत चिवट डीईएचपी (डाय-2-एथिलहेक्झिल थॅलेट). लांब, फांद्या असलेल्या शेपट्यांमुळे ते पाण्यात जवळजवळ विरघळत नाही आणि गाळाला चिकटून बसते. त्यामुळे बाहेर पडणारे पाणी तपासून ‘थॅलेट गेले’ म्हणणे फसवे आहे. त्यातले बरेचसे फक्त जागा बदलून गाळात गेलेले असते. गाळ हवेविना कुजवणाऱ्या पाचक टाकीतही आखूड शेपट्यांची थॅलेटे लवकर संपतात आणि डीईएचपी मागे रेंगाळते.